अर्ध्या गोळीचा हिशेब

रक्तदाब अपेक्षेपेक्षा वर गेलेला दिसला, की डॉक्टर साधारणतः तीन प्रश्न विचारतात. जेवणात मीठ वाढले का? झोप लागते का? गोळी चुकली का? गेल्या काही वर्षांपासून मी त्यात चौथ्या प्रश्नाची भर घातली आहे: या महिन्याचे पैसे खात्यात आले का? वैद्यकाच्या क्रमिक पुस्तकात हा प्रश्न सापडणार नाही. पण डोंबिवली-कल्याणच्या चाळींतून येणाऱ्या सत्तरीच्या रुग्णांच्या बाबतीत रक्तदाबाचे कोडे अनेकदा त्यानेच सुटते. निराधार अनुदानाचा हप्ता लांबला, की गोळ्यांची पट्टी पुरवून वापरली जाते. आधी सकाळची गोळी अर्धी होते, नंतर ती दिवसाआड होते. रुग्ण हे आपणहून सांगत नाहीत. ‘घेते की रोज,’ एवढेच उत्तर मिळते, आणि शब्दशः पाहिले तर ते खोटेही नसते.

म्हणून प्रथम गोळीविषयी. मधोमध रेघ असलेली प्रत्येक गोळी अर्धी करून चालते असे नाही. ज्यांच्या नावापुढे एस.आर., ई.आर., एक्स.आर. किंवा एक्स.एल. अशी अक्षरे असतात, त्यांतील औषध दिवसभर सावकाश सुटावे अशी रचना असते. अशी गोळी डॉक्टरांना विचारल्यावाचून तोडू वा कुटू नये. मेटोप्रोलॉल, अॅटेनोलॉल यांसारखी औषधे एकाएकी थांबवल्यास छातीत दुखू लागते, ठोके वाढतात आणि हृदयविकार असलेल्यास झटकाही येऊ शकतो. पैशांची ओढाताण असेल तर ती डॉक्टरांसमोर बोलून दाखवावी. त्याच औषधाचा स्वस्त पर्याय बहुधा लिहून देता येतो आणि जनऔषधी केंद्रात तो कमी किमतीत मिळतो. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासणी आणि औषधोपचार निःशुल्क आहेत. ठाण्याचे जिल्हा सामान्य रुग्णालय त्यात येते. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई किंवा डोंबिवलीचे शास्त्रीनगर ही रुग्णालये मात्र महापालिकांची आहेत. तेथील शुल्क आणि नियम पालिका ठरवते, हा फरक ध्यानात ठेवलेला बरा.

‘पाच लाखांचे कार्ड काढले आहे, मग साखरेच्या गोळ्या त्यातून का मिळत नाहीत?’ हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी ऐकावा लागतो. प्रश्न रास्त आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना असो वा आयुष्मान भारत, दोन्हींची आखणी रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांसाठी झालेली आहे. शस्त्रक्रिया, अँजिओप्लास्टी, डायलिसिस, कर्करोगावरील उपचार त्यांत बसतात. घरी परतताना काही दिवसांची औषधेही मिळतात. पण वर्षानुवर्षे रोज घ्यावयाची रक्तदाबाची गोळी त्यांत बसत नाही. म्हणजे पक्षाघात झाल्यावरच्या उपचारांना आधार आहे. तो टाळणाऱ्या गोळीचा खर्च मात्र घरच्या महिन्याच्या पैशांतून भागवायचा. ही उणीव जोवर भरून निघत नाही, तोवर ज्या घरात दुसरी मिळकत नाही तेथे शासनाचे मासिक अर्थसाहाय्य हाच औषधांचा निधी ठरतो. त्यामुळे ते सुरू होणे आणि सुरू राहणे ही माझ्या दृष्टीने उपचाराचीच बाब आहे.

हे अर्थसाहाय्य दोन मुख्य नावांनी मिळते. 65 वर्षांखालील निराधारांसाठी 1980 पासून चालत आलेली संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. 65 वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे. पहिलीत विधवा, परित्यक्ता व दिव्यांग तर येतातच. पण क्षयरोग, कर्करोग, पक्षाघात, कुष्ठरोग, एड्स अशा आजारांमुळे कमावू न शकणारेही येतात, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. पन्नाशीत पक्षाघात होऊन घरी बसलेला रिक्षाचालक ‘मी अजून म्हातारा नाही, मला कोण देणार’ असे म्हणतो, तेव्हा त्याला हे सांगावे लागते. दरमहा मिळणारी रक्कम 2019 मध्ये 1000 रुपये झाली, 2023 मध्ये 1500. दिव्यांगांसाठी ती 2025 मध्ये 2500 करण्यात आली. दारिद्र्यरेषेखालील यादीत नाव असलेल्यांच्या रकमेत केंद्राच्या इंदिरा गांधी वृद्धापकाळ योजनेचा वाटाही असतो; तो 79 वर्षांपर्यंत 200 रुपये आणि 80 पासून 500 रुपये आहे, उरलेली भर राज्य घालते. तुलनाच करायची तर आंध्र प्रदेशाने 2024 मध्ये वृद्धांचे मासिक निवृत्तिवेतन 4000 रुपयांवर नेले.

रकमेपेक्षाही मला खटकते ती पात्रतेची अट. या दोन्ही योजनांसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत असावे लागते. दिव्यांगांसाठी ही मर्यादा 50,000 आहे. 21,000 म्हणजे महिन्याला 1750 रुपये, आणि तेही साऱ्या कुटुंबाचे. दोन घरची धुणीभांडी करणारी बाईसुद्धा डोंबिवलीत याहून अधिक मिळवते. मर्यादा इतकी खाली ठेवली, की खरोखरीचा गरजू माणूस एक तर घरी बसतो किंवा तहसील कार्यालयाबाहेर भेटणाऱ्या मध्यस्थाच्या सांगण्यावरून खोटा आकडा लिहितो. दुसऱ्या वाटेने कोणीही जाऊ नये. पडताळणीत ते उघडकीस आले तर अनुदान बंद होते आणि घेतलेले पैसे परत मागितले जाऊ शकतात. मात्र हेही पाहा, की धर्मादाय रुग्णालयात खाट देताना वार्षिक 1,80,000 रुपयांपर्यंतच्या कुटुंबाला ‘निर्धन’ मानले जाते. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 2 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या 65 वर्षांवरील व्यक्तीला चष्मा, श्रवणयंत्र, काठी, कमरेचा पट्टा अशा साधनांसाठी एकदा 3000 रुपये मिळतात. एकच राज्य, एकच म्हातारा. एका टेबलावर तो निर्धन ठरतो, दुसऱ्या टेबलावर सधन!

व्यवहारात याचा अर्थ असा, की श्रावणबाळचा अर्ज नामंजूर झाला म्हणून उत्पन्नाचा दाखला टाकून देऊ नये. दीड लाखांच्या त्याच दाखल्यावर धर्मादाय रुग्णालयातील खाट आणि वयोश्रीचे पैसे, दोन्ही मिळू शकतात. आजारपण येण्याआधीच जो एक कागद प्रत्येक वृद्धाच्या घरी तयार असावा, तो तहसीलदारांचा हा दाखला. सेतू केंद्रातून किंवा ‘आपले सरकार’ संकेतस्थळावरून त्यासाठी अर्ज करता येतो. डोंबिवलीकरांचे तहसील कार्यालय कल्याणला आहे. गुडघे धरलेल्या आजींना लोकलच्या गर्दीत नेण्यापूर्वी मुलांनी वा शेजाऱ्यांनी आधी एकट्याने जाऊन कागदांची यादी विचारून यावी, हे उत्तम. महाराष्ट्रात किमान 15 वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. जन्माचा दाखला बहुतेकांकडे नसतो. अशा वेळी शाळा सोडल्याचा दाखला किंवा मतदार यादीचा उतारा पाहिला जातो, आणि तेही नसेल तर शासकीय रुग्णालयातील वैद्यकीय अधिकाऱ्यांचा वयाचा दाखला. माझ्यासारख्या खाजगी डॉक्टरची चिठ्ठी तेथे चालत नाही. ‘तुम्हीच लिहून द्या ना’ असा आग्रह होतो, त्याला इलाज नाही.

मंजुरीनंतरही पैसे अडतात ते बहुधा दोन कारणांनी. पहिले कारण नावाचे. एका कागदावर नावापुढे ‘बाई’ असते, दुसऱ्यावर नसते. शिधापत्रिकेवर सासरचे नाव, बँकेत माहेरचे. अनुदान आता थेट आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होते आणि एकाहून अधिक खाती असतील तर ते भलत्याच, विसरलेल्या खात्यात जाऊन पडलेले असू शकते. माझ्या एका रुग्णबाई चार महिने ‘सरकारने पैसे बंद केले’ म्हणून गोळ्या तोडत होत्या. पैसे दुसऱ्या बँकेतल्या जुन्या खात्यात नियमित येत होते. कोणते खाते थेट लाभासाठी जोडलेले आहे, हे बँकेत विचारले की कळते.

दुसरे कारण बोटांचे आहे, आणि ते माझ्या अखत्यारीतले. आयुष्यभर साबण-सोड्यात, सिमेंटमध्ये किंवा यंत्रावर काम केलेल्या हातांच्या बोटांवरील रेषा झिजतात. म्हातारपणी त्वचा कोरडी आणि सैल झाल्याने उरलेल्या रेषाही यंत्राला नीट उमटत नाहीत. कर्करोगावरील कॅपेसिटाबिन या गोळीनेही बोटांचे ठसे पुसट होऊ शकतात. शिधावाटप दुकानात वा बँकेत जाण्याच्या आदल्या रात्री हातांना खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन चोळावे, सकाळी कोमट पाण्याने हात धुऊन कोरडे करावेत आणि अंगठा उमटला नाही तर दुसरी बोटे देऊन पाहावीत. डोळ्यांच्या बाहुलीवरून किंवा चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय कुठे आहे, हेही विचारावे. ‘तुमचा अंगठाच येत नाही’ हे वाक्य ऐकून खाली मान घालून परतलेले अनेक वृद्ध मी पाहिले आहेत. यात त्यांनी लाजावे असे काय आहे?

अंथरुणाला खिळलेल्यांसाठी आणखी एक सांगावेसे वाटते. 70 वर्षांवरील आणि दुर्बल ग्राहकांना घरी येऊन सेवा द्यावी, अशी सूचना रिझर्व्ह बँकेने 2017 मध्येच बँकांना दिलेली आहे. हयातीचा दाखला घरून स्वीकारणे त्यातच येते. शाखेत लेखी मागणी करावी. वागळे इस्टेट किंवा डोंबिवलीच्या कारखान्यांतून निवृत्त होऊन भविष्य निर्वाह निधीचे किमान 1000 रुपयांचे निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना हयातीचा दाखला वर्षभरात केव्हाही देता येतो आणि तो पुढे एक वर्ष चालतो. संजय गांधी व श्रावणबाळ योजनांची पडताळणी मात्र स्वतंत्र असते, एकीचा दाखला दुसरीला लागू पडत नाही.

रुग्णालयात दाखल होण्याची वेळ आलीच, तर अनामत रक्कम भरण्यापूर्वी ‘आरोग्यमित्र कुठे बसतात’ असे विचारावे. फुले योजनेच्या प्रत्येक संलग्न रुग्णालयात ते असतात. 1 जुलै 2024 पासून ही योजना राज्यातील सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांना 5 लाखांपर्यंत लागू आहे, पांढऱ्या शिधापत्रिकेलाही. 70 वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. पती-पत्नींनी ते वेगवेगळे काढायचे असते. फुले योजनेचा दूरध्वनी 155388, आयुष्मानचा 14555.

रुग्णालय या योजनांत नसेल तर ते धर्मादाय आहे का, ते पाहावे. उच्च न्यायालयाने 2006 मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार अशा रुग्णालयांनी 10 टक्के खाटा निर्धनांसाठी निःशुल्क आणि 10 टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात राखून ठेवायच्या असतात. तातडीच्या रुग्णाला अनामत न मागता दाखल करून घेणे त्यांना बंधनकारक आहे. तेथील वैद्यकीय समाजसेवकांना भेटावे आणि उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका त्यांच्यापुढे ठेवावी. खाट शिल्लक नाही असे उत्तर मिळाले तर ते लेखी मागावे. अनेकदा तेवढ्यानेच खाट निघते.

दाखल्याच्या तळाशी त्याची मुदत लिहिलेली असते आणि ती बहुधा 31 मार्चला संपते. आज तो कागद पिशवीतून बाहेर काढून ती तारीख वाचावी, आणि फेब्रुवारीच्या दिनदर्शिकेवर नूतनीकरणाची खूण करून ठेवावी. मार्चमध्ये सेतू केंद्रातली रांग फार मोठी असते.