कोयत्याची परीक्षा टीव्हीवर नको, बुडख्यावर घ्या



आज खोडव्याची बुडखे छाटणी चालू होती. नोंद तिचीच लिहिणार होतो, पण दुपारी बांधावर भाकरी खाताना भाच्यानं मोबाईलवर एक अमेरिकन कार्यक्रम दाखवला. 'फोर्ज्ड इन फायर' नाव. 2015 ला हिस्ट्री चॅनेलवर सुरू झाला. चार लोहार, समोर घड्याळ. ठरल्या वेळात पातं घडवायचं, एकेक जण बाद होत जातो. राहिलेले दोघं घरच्या भट्टीवर जुन्या काळातलं एखादं शस्त्र करून आणतात. जिंकेल त्याला 10 हजार डॉलर.

भाचा म्हणाला, "मामा, असलं मराठीत काढलं तर नाद खुळा चालंल. आपल्या लोहारांचं दिवस पालटतील."

पहिलं मला मान्य. दुसरं अजिबात नाही.

चालेल, यात शंका नाही. जाळ आहे, ठिणग्या आहेत, आणि तापलेलं पातं गार करताना 'टक्' आवाज येऊन तडा गेला की बघणाऱ्याच्याही पोटात गोळा येतो. झी मराठीवर 2023-24 ला 'जाऊ बाई गावात' झालं. शहरातल्या पोरींनी गावातली कामं केली, लोकांनी आवडीनं बघितलं. पण ते बघून गावातलं एक तरी काम सोपं झालं का, की त्याची मजुरी वाढली? बघणारे वाढले म्हणजे गिऱ्हाईक वाढलं, असं होत नाही. माझं भांडण इथंच आहे.

आधी परीक्षेचं बोलू. त्या कार्यक्रमात पात्यानं दोर तोडतात, बर्फावर घाव घालतात, माणसाच्या आकाराच्या पुतळ्यावर वार करून बघतात. चार घावांत निकाल. आपल्या कोयत्याचा निकाल चार घावांत लागत नाही, हंगामात लागतो. पहिल्या दिवशी सगळेच कोयते कापतात. उसाच्या पाल्यात सिलिका असते, बुडाला माती असते, धार मरतेच. म्हणून तोडकरी कमरेला कानस ठेवतो. पातं फार कडक झालं तर कानस नुसती घसरते आणि खड्यावर धारेचा तुकडा उडतो. मऊ राहिलं तर धार वळते. कानस धरली पाहिजे आणि धार टिकली पाहिजे, या दोन्हींच्या मधली जागा ज्याला सापडते तो लोहार.

आमचे लोहारमामा ती जागा डोळ्यानं शोधतात. ट्रकचा जुना कमानपाटा तोडून घेतात. ते पोलाद चांगलं, पण नुसतं तापवून पाण्यात घातलं तर काचेसारखं ठिसूळ होतं. मामा फक्त धारेकडची बाजू पाण्यात धरतात. पाठीत राहिलेली ऊब हळूहळू धारेकडं उतरते. घासून उजळ केलेल्या पात्यावर आधी गव्हाळ रंग येतो, मग तपकिरी, मग जांभळट, मग निळा. कुठल्या रंगावर थांबायचं हे अवजार बघून ठरतं. टीव्हीवर ही दोन मिनिटं कापून टाकतील, कारण तिथं काही घडत नाही. माणूस एका पट्टीकडं बघत गप उभा असतो. आणि सगळी विद्या त्याच दोन मिनिटांत असते.

आता हिशोब. एकरी 40 हजार ऊस, उंची 7 फूट, वजन दीड किलो धरा. म्हणजे इंचाला साधारण 18 ग्रॅम. बुडाला 2 इंच राहिले तर एकरी 1,440 किलो ऊस रानातच राहिला. टनाला तीन हजार धरले तर चार हजारांवर गेले. बुडाला साखर जास्त, ते नुकसान वेगळंच. वर फुटवे जमिनीवरच्या डोळ्यांतून आले की खोडवा कमजोर. म्हणून तर आज गडी लावून मी बुडखे छाटतोय. मान्य, उंच तोडीला घाईही कारण असते, पण बोथट कोयत्यानं जमिनीलगत तोडून दाखवा. मनगट आणि कंबर दोन्ही बोलतात.

शहरात हल्ली 'कस्टम नाइफ' म्हणून मापानं सुरी करून घ्यायची हौस आली आहे. हे नवीन कधीपासून झालं? आमच्या आत्या डावखुऱ्या. त्यांचा विळा मामांनी उलट्या बाजूनं धार देऊन केला होता, कारण उजव्या हाताचा विळा डाव्या हातात नीट लागत नाही. खुरप्याचा वाक बाईच्या बसण्यावर आणि मूठ तळहातावर ठरायची. त्याला कुणी कला म्हटलं नाही. काम म्हटलं आणि वर्षाला बैतं घातलं.

दुसरी भीती शस्त्राची. ऊसतोडीत 'एक कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी, उचल त्यावरच ठरते. पुण्याच्या बातम्यांत त्याच शब्दाची 'कोयता गँग' झाली. 2024 ला दांडपट्टा राज्यशस्त्र झाला, कोल्हापूरकर म्हणून आनंदच आहे, मर्दानी खेळाचे आखाडे आपलेच. पण टीव्हीवाले लोहाराकडून खुरपं करून घेणार नाहीत, तलवारच करून घेणार. शस्त्र नियमांतसुद्धा शेतीची आणि घरकामाची अवजारं वेगळी काढलेली आहेत. कायद्याला कळलेला फरक कॅमेऱ्याला कळेल, याची मला खात्री नाही.

आणि आता आपल्याच कानफटात. लोहारसाळ टीव्हीअभावी बंद पडत नाही. ती आपण बंद पाडतोय. बैतं आपण थांबवलं, रोख देताना दहा रुपयांसाठी घासाघीस आपणच करतो. मागच्या हंगामात मीसुद्धा दुकानातून पॉलिश केलेले चार तयार कोयते आणले. स्वस्त मिळाले. पंधरवड्यात दोन वळले, एक मुठीतून सुटला. मग गेलो मामांकडं. त्यांचा पोरगा आता शिरोलीला फौंड्रीत आहे. टीव्हीची गोष्ट सांगितली तर हसले. म्हणाले, "दाखव की टीव्हीत. पण उद्या सकाळी खुरपं घेऊन कोण येणार, ते सांग."

माझ्याकडं उत्तर नव्हतं.

तरी कुणाला कार्यक्रम काढायचाच असेल, तर माझ्या तीन अटी. एक, तलवार नको; कोयता, विळा, खुरपं, कुऱ्हाड करा. दोन, परीक्षक तोडकरी जोडी आणि भांगलणाऱ्या बायका असाव्यात. तीन, निकाल महिन्यानं, आणि बक्षीस म्हणून रोख रकमेबरोबर पुढच्या पाच वर्षांची अवजारांची ऑर्डर. कारखाने आणि सोसायट्यांनी मनावर घेतलं तर ही तिसरी अट टीव्हीशिवायही पुरी होते. हंगामाआधी तोडणी टोळ्यांचे कोयते गावच्या लोहाराकडून करून घ्यायला कुठला कॅमेरा लागतो?

कृषी सहायक आणि शास्त्रज्ञ मंडळीही हे पान वाचतात, त्यांना एक विनंती. खोडवा व्यवस्थापन सांगताना पाचट, युरिया, बुरशीनाशक सगळं सांगता. बुडखा कशानं छाटायचा आणि त्याची धार कशी असावी, हेही एक ओळ सांगा.

मी या महिन्यात जुना पाटा मामांकडं टाकतोय. चार कोयते, दोन खुरपी. भाव ते सांगतील तो. तुमच्या गावात भाता अजून चालू असेल तर तुम्हीही जाऊन या.