उरलेलं मॅन्डोलिन

बिल मन्रो घरात शेंडेफळ. फिडल आणि गिटार थोरल्या भावांनी आधीच पटकावलेली. याच्या वाट्याला मॅन्डोलिन उरलं. केंटकीतल्या रोझीन गावी पेनमामाच्या फिडलला साथ करता करता ताल पक्का झाला. ब्लूज कानात मुरवला तो आर्नल्ड शुल्ट्झ या कृष्णवर्णीय वादकाने. (त्याचं एकही ध्वनिमुद्रण नाही, ही हळहळ कायमची!)

मन्रोच्या ‘ब्लू ग्रास बॉईज’ या वाद्यवृंदावरूनच ब्लूग्रास संगीताला नाव मिळालं, पण माझ्या मते त्याला खरी धार आली ती १९४५च्या अखेरीस, अर्ल स्क्रग्जच्या तीन बोटांच्या बँजोने. स्क्रग्ज आणि गायक लेस्टर फ्लॅट, दोघेही कापडगिरणीत राबलेले. फिडलवाला चबी वाइज तर एकेकाळी टॅक्सी चालवायचा.

या सगळ्यांची १९४६-४७ची ध्वनिमुद्रणं जरूर ऐका.