फॉरमॅट मारल्याने चोरीला गेलेलं परत येत नाही

कॉम्प्युटरमध्ये स्पायवेअर शिरलं असं कळलं की आपल्याकडे एकच उपाय सांगितला जातो : फॉरमॅट मारा. दुकानदार तेच सांगतो, सोसायटीतला इंजिनीअरिंगचा मुलगाही तेच सांगतो. संध्याकाळी कॉम्प्युटर घरी येतो आणि घरातले निर्धास्त होतात. माझं भांडण या निर्धास्तपणाशी आहे.

आधी पूर्वपक्ष. हेरगिरी करणारा प्रोग्राम डिस्कवर राहतो. डिस्क पुसली की तोही पुसला जातो. मग एकेक फाइल शोधत कशाला बसायचं? यात तथ्य आहे. २००५ साली सोनी बीएमजीच्या गाण्यांच्या सीडींमधून एक प्रोग्राम गुपचूप लोकांच्या कॉम्प्युटरमध्ये उतरत होता आणि विंडोजपासून स्वतःला लपवत होता. मार्क रसिनोविच या जाणकाराने तो उघडकीला आणला. तो काढण्यासाठी कंपनीने जे साधन दिलं, त्यानेही सुरक्षेला नवं भगदाड पाडलं. इतक्या खोल रुतलेल्या गोष्टीवर सगळं पुसून विंडोज नव्याने घालणं हाच खात्रीचा मार्ग असतो, हे मी मान्य करतो.

पण आपल्याकडे फॉरमॅट मारतात कसा? फक्त सी ड्राइव्ह पुसतात. डी ड्राइव्हवरचं ‘सॉफ्टवेअर’ नावाचं फोल्डर तसंच राहतं आणि त्यातले क्रॅक, म्हणजे विकतचं सॉफ्टवेअर फुकटात चालू करणारे प्रोग्राम, पुन्हा चालवले जातात. विंडोजही त्याच जुन्या पेनड्राइव्हवरून, त्याच अ‍ॅक्टिव्हेटरसह घातलं जातं. ‘आधी अँटीव्हायरस बंद करा’ ही अ‍ॅक्टिव्हेटरची पहिली सूचना असते आणि आपण ती मुकाट्याने पाळतो. केएमएसपिको या प्रसिद्ध अ‍ॅक्टिव्हेटरच्या नावाखाली क्रिप्टबॉट हा माहितीचोर प्रोग्राम वाटला जात असल्याचं २०२१ मध्ये रेड कॅनरी या सुरक्षा कंपनीने दाखवून दिलं. म्हणजे रोग ज्या वाटेने आला, ती वाट आपणच पुन्हा उघडून देतो. मराठी टायपिंगसाठीही लोक क्रॅक शोधतात, हे मला फार लागतं. विंडोजमध्ये मराठीचा कीबोर्ड फुकट, आतच बसवलेला आहे.

त्याहून मोठा आक्षेप पुढे आहे. आजचं स्पायवेअर घरात मुक्काम ठोकेलच असं नाही. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि कुकीज उचलून काही मिनिटांत पाठवून देणं एवढंच त्याचं काम. लुमा नावाचा असाच प्रोग्राम भाड्याने दिला जात होता. २०२५ च्या मार्च ते मे या दोन महिन्यांत तो ३ लाख ९४ हजार विंडोज कॉम्प्युटरांत सापडल्याचं मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं. घरात शिरलेला चोर किल्ल्यांचे ठसे घेऊन गेला असेल, तर घर झाडून काय उपयोग?

‘पण ओटीपी येतो ना!’ हे उत्तर सगळीकडे ऐकू येतं. ते अपुरं आहे. आपण एकदा लॉगिन केलं की साइट आपल्याला कुकीवरून ओळखते. ती कुकी चोराच्या हाती गेली तर अनेकदा त्याला पासवर्डही लागत नाही आणि ओटीपीही नाही. बँक पैसे पाठवताना पुन्हा ओटीपी मागेल, पण मेलबॉक्स उघडा पडतो आणि बाकीच्या खात्यांचे पासवर्ड बदलण्याच्या लिंका त्याच मेलबॉक्समध्ये येतात.

‘आमच्या कॉम्प्युटरवर असतं काय?’ असं विचारणाऱ्यांनी डाउनलोड्सचं फोल्डर उघडावं. आधार, पॅन, मुलांच्या गुणपत्रिका, डीमॅटचे कागद, सगळं तिथे असतं.

आणि अँटीव्हायरसचा, सफाईच्या सॉफ्टवेअरचा भरवसा? सीसीक्लीनर हे सफाईचं सॉफ्टवेअर २०१७ मध्ये स्वतःच बाधित झालं आणि ती आवृत्ती सुमारे २२ लाख ७० हजार जणांकडे पोचली. वापरकर्त्यांची ब्राउझिंगची माहिती विकल्याबद्दल अवास्ट या अँटीव्हायरस कंपनीवर २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने १ कोटी ६५ लाख डॉलरचा भुर्दंड बसवला. विंडोजमधला डिफेंडर घराला पुरेसा आहे, असं माझं मत. पण अ‍ॅडमिनचे हक्क मिळालेला प्रोग्राम डिफेंडरच्या ‘एक्स्क्लूजन्स’ यादीत स्वतःचं नाव घालू शकतो. मग स्कॅन त्याला हात लावत नाही आणि पडदा सांगतो : धोका नाही. घरच्या कॉम्प्युटरवर ही यादी सहसा रिकामीच असायला हवी. स्कॅन करण्याआधी ती बघा.

तर माझा पक्ष असा. आधी कॉम्प्युटरचं इंटरनेट तोडा. मग दुसऱ्या, निर्धोक फोनवरून मेलचा पासवर्ड बदला आणि ‘सगळ्या उपकरणांवरून साइन आउट’ करा. हे केल्याशिवाय चोरलेली कुकी चालूच राहू शकते. त्यानंतर बँक आणि बाकीची खाती. कॉम्प्युटरची पाळी यानंतर : एक्स्क्लूजन्स, ब्राउझरची एक्स्टेन्शन्स, स्टार्टअपची यादी, आणि शेवटी डिफेंडरचं ऑफलाइन स्कॅन. हे विंडोज सुरू होण्याआधी चालतं, म्हणून लपणाऱ्याला लपायला जागा कमी उरते. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राची मोफत साधनंही आहेत. तरीही शंका राहिली तर फॉरमॅट जरूर मारा, पण सगळे ड्राइव्ह पुसून, आणि विंडोज मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरवून. परत आणायचे ते फोटो आणि कागदपत्रं. जुना एकही सेटअप नाही.

एका ठिकाणी मात्र माझा हा क्रमही चालत नाही. पाळत ठेवणारा घरातलाच असतो तेव्हा. नवऱ्याने बायकोच्या लॅपटॉपवर कीलॉगर, म्हणजे दाबलेली प्रत्येक कळ नोंदवणारा प्रोग्राम, टाकलेला असेल तर तो काढताक्षणी त्याला कळू शकतं, आणि तिचा धोका वाढू शकतो. शिवाय पुरावाही जातो. परवानगीशिवाय, अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीने दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये शिरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. अशा बाईने, त्याचा हात लागलेला नाही अशा फोनवरून विश्वासाच्या माणसाशी किंवा १८१ या महिला हेल्पलाइनशी बोलावं, आणि पुढचं ठरेपर्यंत लॅपटॉपवर नेहमीची किरकोळ कामं चालू ठेवावीत, म्हणजे त्याला संशय येणार नाही.