दुकानाच्या पायरीवरून

यंदा आमच्या भाचेबुवांना नोकरी लागली. हुद्दा ‘मार्केटिंग एक्झिक्युटिव्ह’! ताईने चाळभर पेढे वाटले. आठ दिवसांनी कळले की, काम दुकानोदुकानी फिरून बिस्किटांचे पुडे मोजायचे. “एवढे शिकून वाण्याच्या पायऱ्याच झिजवायच्या?” असे ती मलाच विचारू लागली; जणू नोकरी मी दिली होती! तेव्हा तीस वर्षे साबण विकून केस पांढरे केलेल्या मामाने लेखणी उचलणे प्राप्तच होते.

प्रकाश टंडन हे नाव हल्लीच्या मुलांना ठाऊक नसेल. विलायतेत चार्टर्ड अकाउंटंट होऊन आलेले हे पंजाबी गृहस्थ १९३७ साली मुंबईत लिव्हर ब्रदर्समध्ये शिरले, ते जाहिरात खात्यात. बाजारपाहणीचे कामही त्यांनी केले. १९५१ साली ते संचालक झाले आणि १९६१ मध्ये हिंदुस्थान लिव्हरचे पहिले भारतीय अध्यक्ष. चोवीस वर्षे लागली, हे ताईने ध्यानात घ्यावे. पुढे १९७६ पासून याच कंपनीने उत्तर प्रदेशातील एटा जिल्ह्यात ग्रामविकासाचे काम काढले आणि नव्या उमेदवार अधिकाऱ्यांना खेड्यात मुक्कामाला धाडण्याचा पायंडा पडला.

पुडे मोजणे हे निव्वळ निमित्त. मागच्या फळीवर कोणता माल धूळ खातो, गिऱ्हाईक काय मागते आणि काय घेऊन जाते, हे पाहायचे असते. कचेरीतल्या तक्त्यात तेही उतरते म्हणा; पण उशिरा, आणि इस्त्री होऊन! हल्ली दुकानातला साठा मोबाइलवर दिसतो म्हणे. दिसू दे. पुड्यांना शेजारच्या उदबत्तीचा वास लागला आहे, हे मोबाइलला कुठून कळणार?

नाशिक जिल्ह्यातल्या एका बाजारगावी दुकानदार आमची साबणाची लांब वडी तारेने कापून तुकडे विकताना मी पाहिला. मजुरांच्या हाती तेवढेच पैसे असत. मी कचेरीला सविस्तर पत्र लिहिले. वर्षभराने लहान वडी निघाली, आणि वरच्या मंडळींना माझे नाव ठाऊक झाले ते त्या पत्रामुळे. विक्रीच्या आकड्यांमुळे नव्हे.

खरी अवघड पायरी मात्र त्यानंतरची. चार माणसे हाताखाली आली, तरी पट्टीच्या विक्रेत्याचे हात शिवशिवतात. पोराला बाजूला सारून ऑर्डर तो स्वतःच घेतो. मग पोरगे शिकणार कधी? कितीतरी विक्रीबहाद्दर इथेच अडकलेले मी पाहिले.

आमचे पहिले साहेब निराळे होते. महिनाअखेर आकडा कमी भरला, तर “दुकानदार काय म्हणाला?” एवढेच विचारत, आणि ऐकता ऐकता त्यांचा चहा निवून जाई. त्यामुळे वाईट बातमी आम्ही आधी त्यांनाच सांगत असू. त्यांच्या जागी आले ते साहेब मोठे कडक. त्यांना सगळे चांगलेच सांगत. दोन वर्षांत तो विभाग बसला, आणि कचेरीत सर्वांत जास्त आश्चर्य वाटले ते त्यांनाच.