शिल्लक न काढता केलेला संकल्प

सरत्या वर्षाचा आढावा आणि येत्या वर्षाची वैयक्तिक उद्दिष्टे या एकाच व्यवहाराच्या दोन बाजू आहेत. एक बाजू हिशेबाची, दुसरी बेताची. प्रचारात मात्र दुसरीच उरली आहे. 31 डिसेंबरला जो तो पुढचे बोलतो. मागचे वर्ष नेमके कसे गेले असे विचारले, तर ‘गेले कसेबसे’ यापलीकडे उत्तर मिळत नाही. या प्रथेला आक्षेपक पुष्कळ आहेत आणि उत्साही कैवारीही तितकेच. आक्षेपकांचे म्हणणे बहुतेक ठिकाणी चुकते, आणि कैवाऱ्यांचे त्याहून अधिक.

सर्वांत मोठ्या आवाजातला आक्षेप तारखेवर आहे. 1 जानेवारी हे साहेबाचे वर्ष, आपले वर्ष गुढीपाडव्याचे, तेव्हा संकल्प करायचेच तर पाडव्याला करावेत, असा तो मांडला जातो. वस्तुस्थिती अशी की साहेबाचेही हे वर्ष फार जुने नाही. रोमचे कॉन्सल इसवी सनपूर्व 153 पासून 1 जानेवारीला पदावर येऊ लागले हे खरे. पण इंग्लंडात कायद्याचे वर्ष 25 मार्चला सुरू होत असे आणि तिथे 1 जानेवारी आली ती 1752 साली. महाराष्ट्रात तर सगळ्यांचे वर्ष एकाच दिवशी कधी लागलेच नाही. शालिवाहन शकाचे वर्ष चैत्र शुद्ध प्रतिपदेला लागते, व्यापाऱ्याच्या वह्यांचे दिवाळीत. मराठेशाहीच्या महसुली कागदांतले सुहूर सन सूर्य मृग नक्षत्रात गेला की बदलत असे, म्हणून त्याचे नावच मृगसाल. राज्याभिषेक शक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीचा. सरकारचे आर्थिक वर्ष 1867 पासून 1 एप्रिलचे, शाळेचे जूनचे. 22 मार्च 1957 पासून अमलात आलेली राष्ट्रीय दिनदर्शिका तर आणखी वेगळी, आणि तिच्या 1 चैत्राला कुणी संकल्प केल्याचे ऐकिवात नाही.

या प्रत्येक आरंभामागे एखादे काम उभे आहे: पेरणी, वसुली, वह्या, परीक्षा. म्हणून तारीख देशी की परदेशी हा वाद गौण ठरतो. त्या दिवशी कोणते खाते बंद होते, हे पाहायला हवे. शिक्षकाचे वर्ष एप्रिलअखेर मिटते, खरिपावर अवलंबून असलेल्या शेतकऱ्याचे दिवाळीच्या आगेमागे. त्यांनी डिसेंबरात आढावा घेणे म्हणजे अर्ध्या पिकावर उतारा काढण्यासारखे आहे. नव्या आरंभाने माणसाला हुरूप येतो, एवढे मात्र तपासून पाहिलेले आहे. डाई, मिल्कमन आणि रिस या संशोधकांनी 2014 साली दाखवले की व्यायामशाळेतली हजेरी आठवड्याच्या, महिन्याच्या आणि सत्राच्या सुरुवातीला वाढते. म्हणजे 1 जानेवारीची मिजास नको, सोमवारही चालतो.

दुसरा आक्षेप अनुभवाच्या जोरावर उभा असल्याने अधिक वजनदार वाटतो: संकल्प टिकत नाहीत, मग करायचे कशाला? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन नॉरक्रॉस यांनी 1980 च्या दशकात नववर्षाचे संकल्प करणाऱ्या 200 जणांचा दोन वर्षे माग ठेवला. पहिल्या आठवड्याअखेर 77 टक्के लोक संकल्पावर टिकून होते. दोन वर्षांनंतर 19 टक्के. आक्षेपक इथेच थांबतो. त्याने 2002 साली प्रसिद्ध झालेला नॉरक्रॉस यांचाच पुढचा अभ्यासही वाचायला हवा. त्यात तुलना होती ती संकल्प केलेल्यांची आणि तशीच इच्छा असूनही संकल्प न केलेल्यांची. सहा महिन्यांनंतर पहिल्या गटातल्या 46 टक्के लोकांना यश आले होते, दुसऱ्या गटातल्या 4 टक्क्यांना. संकल्प पुष्कळदा मोडतो. न केलेल्या संकल्पाला मात्र मोडण्याचीही सोय नसते.

त्या पहिल्या अभ्यासातली एक बारीक नोंद सहसा कुणी सांगत नाही. शेवटी यशस्वी ठरलेल्यांपैकीही निम्म्याहून अधिक लोक मध्ये कधी ना कधी घसरले होते, आणि दोन वर्षांतल्या अशा घसरणीची सरासरी 14 भरली. मराठी घराला हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दुधाच्या खाड्यांच्या फुल्या पिढ्यान्‌पिढ्या मारल्या जात आहेत. महिन्यात चार खाडे झाले म्हणून कुणी दूधवाला बंद करत नाही. चार दिवसांचे पैसे वजा होतात आणि रतीब चालू राहतो. व्यायामाच्या बाबतीत मात्र तीच माणसे पहिल्या खाड्याला रतीबच तोडतात.

आता कैवाऱ्यांकडे वळायला हवे, कारण प्रथेचे अधिक नुकसान त्यांनी केले आहे. उद्दिष्टे कागदावर लिहिण्याचे महत्त्व पटवताना ते एक गोष्ट हमखास सांगतात: येल विद्यापीठाच्या 1953 च्या तुकडीतल्या अवघ्या 3 टक्के विद्यार्थ्यांनी आपली उद्दिष्टे लिहून ठेवली होती, आणि वीस वर्षांनी त्या 3 टक्क्यांची संपत्ती उरलेल्या 97 टक्क्यांच्या एकत्रित संपत्तीहून अधिक भरली. हा अभ्यास झालाच नव्हता. विद्यापीठाने शोध घेऊनही त्याचा मागमूस लागला नाही. तरी व्याख्यानांतून तो आजही मिळकत करून देतो. ती मिळकत उद्दिष्टे लिहिणाऱ्याची नसते, व्याख्यात्याची असते.

‘कोणतीही सवय 21 दिवसांत जडते’ या वचनाची कथाही अशीच. त्याचे मूळ मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या 1960 सालच्या पुस्तकात सापडते. शस्त्रक्रियेनंतर नवा चेहरा अंगवळणी पडायला रुग्णाला किमान सुमारे 21 दिवस लागतात, असे त्यांचे निरीक्षण होते. उजळणीत ‘किमान’ गळले, ‘सुमारे’ गळले, चेहऱ्याच्या जागी पहाटेचे उठणे आले. प्रत्यक्ष मोजमाप लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी केले. त्यात 96 स्वयंसेवक होते. सवय अंगात मुरायला लागणारा मध्यम काळ 66 दिवसांचा निघाला, पण पल्ला होता 18 पासून 254 दिवसांपर्यंत. एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात म्हणण्यासारखा फरक पडत नाही, हेही त्यांना आढळले. 21 दिवसांवर विसंबलेला माणूस बाविसाव्या दिवशी सवय जडली नाही म्हणून स्वतःलाच नालायक ठरवतो. दोष त्याच्याकडे नसून आकड्याकडे असतो.

आणखी एक आक्षेप श्रद्धेच्या बाजूने येतो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात सर्व संकल्पांचा संन्यास करणाऱ्याला योगारूढ म्हटले आहे. मग संकल्पांच्या याद्या करणे म्हणजे आसक्तीचाच पसारा नव्हे काय? याला उत्तर त्याच अध्यायात, अगदी लगतच्या श्लोकात आहे. योगावर चढू पाहणाऱ्याला कर्म हे साधन सांगितले आहे, चढून गेलेल्याला शम. संकल्पसंन्यास हे पोहोचलेल्याचे लक्षण आहे. पायथ्याच्या माणसाला दिलेली ती सूट नाही. शिवाय तिथला संकल्प विषयांची आणि फळाची कामना या अर्थाचा आहे, ‘रोज दोन पाने लिहीन’ या अर्थाचा नाही. मंडालेच्या तुरुंगात लिहून 1915 साली प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात टिळकांनी गीतेचा कल कर्मयोगाकडे दाखवला, तो याच दिशेने.

खंडन एवढे पुरे. मंडनासाठी संकल्प या शब्दाच्या घरीच जावे लागते, कारण तिथे त्याचा अर्थ आजच्यापेक्षा पुष्कळ नेमका आहे. कोणत्याही पूजेच्या आरंभी यजमान संकल्प सोडतो. त्यात आधी देशकालाचा उच्चार असतो: कल्प आणि मन्वंतर यांपासून उतरत उतरत संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार, जंबुद्वीपापासून उतरत उतरत गोदावरीचा काठ. मग कर्त्याचे गोत्र आणि नाव, मग हेतू, आणि शेवटी करायचे ते एकच कर्म. पळीभर पाणी हातावरून ताम्हनात सोडले की संकल्प झाला. कर्मकांडावर विश्वास असो वा नसो, ही मांडणी विचार करण्याजोगी आहे. कुठे, केव्हा, कोण, कशासाठी आणि काय, यांतले काहीही मोघम ठेवलेले नाही. ‘यंदा तब्येतीकडे लक्ष द्यायचे’ हे वाक्य या कसोटीला उतरत नाही. ते इच्छा आहे, संकल्प नव्हे. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी 1999 साली हेच वेगळ्या वाटेने मांडले: अमुक वेळ, अमुक जागा आली की अमुक करीन असे आधी ठरवलेले काम नुसत्या इच्छेपेक्षा अधिक वेळा पार पडते. (मराठीत ‘पाणी सोडणे’ याचा अर्थ आशा सोडून देणे असाही होतो, आणि बहुतेक संकल्पांचा प्रवास या दोन अर्थांमधलाच असतो.)

दुसरी गोष्ट मुदतीची. चातुर्मासाचा नेम आषाढी एकादशीला धरला जातो आणि कार्तिकीला सुटतो. सोळा सोमवार सोळाच असतात, आणि सतराव्या सोमवारी उद्यापन होते. कांदा-वांगे सोडणारीला पक्के ठाऊक असते की दिवाळीनंतर भरली वांगी आहेत. म्हणून तर कांदेनवमीला भज्यांवर यथेच्छ ताव मारता येतो. आजचा संकल्प ‘यापुढे कधीच नाही’ किंवा ‘आता रोज’ असा बेमुदत असतो. त्याला उद्यापन नसल्याने त्याचा शेवट एकाच रीतीने होऊ शकतो, तो म्हणजे मोडून. तुळशीची माळ घालून जन्मभराची वारी पत्करणारे वारकरीही आहेतच, पण त्यांच्या पाठीशी दिंडी असते, फड असतो; एकट्याने डायरीत लिहिलेल्या ओळीला तो आधार नसतो.

मात्र व्रतांच्या या परंपरेत एक उणीव आहे: ती मागचा हिशेब विचारत नाही. तो विचारते पेढीची परंपरा. पेढीवर रोजकीर्दीत रोजची जमा-खर्च उतरते, खतावणीत ती खात्याखात्याने लागते, आणि सालअखेर ताळेबंद निघतो. पेशवे दफ्तरातल्या रोजकीर्दींवरून आज त्या काळाचा इतिहास लिहिता येतो, तो कुणाच्या स्मरणशक्तीमुळे नव्हे. वैयक्तिक आढाव्याची खरी अडचण इथेच आहे. तो आठवणीवर घेतला जातो, आणि आठवण हा वाईट कारकून आहे. डॅनियल काहनेमन आणि सहकाऱ्यांनी 1993 साली लोकांना 14 अंश सेल्सियसच्या पाण्यात 60 सेकंद हात धरायला लावले. दुसऱ्या खेपेला तेवढेच करून वर आणखी 30 सेकंद, ज्यांत पाणी हळूहळू 15 अंशांपर्यंत आणले. पुन्हा कोणता प्रयोग कराल असे विचारल्यावर बहुतेकांनी लांबलेला, म्हणजे अधिक त्रासाचा प्रयोग निवडला. शेवट सुसह्य, म्हणून सगळेच सुसह्य वाटले. डिसेंबरात पदोन्नती मिळालेल्याला आख्खे वर्ष चांगले वाटते आणि डिसेंबरात तापाने पडलेल्याला वाया गेलेले, यात नवल नाही. महिन्याला चार ओळींची नोंद असली, तरी वर्षाचा ताळेबंद वेगळा निघतो.

त्या नोंदीत खर्चाची बाजू हवी, कारण उद्दिष्टांच्या याद्यांत ती नसतेच. डेक्कन कॉलेजात टिळकांनी पहिले वर्ष शरीर कमावण्याला दिले आणि त्या वर्षी ते परीक्षेत नापास झाले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. जमा काय आणि नावे काय, दोन्ही स्वच्छ. ‘यंदा मोडी शिकायची, रोज पोहायचे आणि घरच्यांना वेळ द्यायचा’ अशी यादी करणाऱ्याने हे तास कोणत्या खात्यातून काढणार, ते लिहिलेले नसते.

बेत मध्येच बदलला तर तो फसला असे समजण्याचेही कारण नाही. पांडुरंग वामन काणे यांनी ‘व्यवहारमयूख’ या ग्रंथाचे संपादन करताना त्याला धर्मशास्त्राच्या इतिहासाची प्रस्तावना जोडायचे योजले होते. ती प्रस्तावना वाढत गेली आणि तिचा पाच खंडांचा धर्मशास्त्राचा इतिहास झाला. पहिला खंड 1930 चा, शेवटचा 1962 चा, काणे यांच्या वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षीचा. कुणा वक्त्याने त्यांना आरंभीच बत्तीस वर्षांचे उद्दिष्ट लिहायला लावले असते, तर ते बहुधा घाबरून प्रस्तावनाच लिहून थांबले असते. प्रत्येक टप्प्यावर हाती काय जमले ते पाहूनच पुढचा बेत ठरत गेला.

याउलट जी उद्दिष्टे वर्षानुवर्षे ‘मागील पानावरून पुढे’ ओढली जातात, त्यांच्यासाठी पेढीवर एक खाते असते आणि वैयक्तिक आढाव्यात ते कुणी उघडत नाही: बुडीत खाते. सात वर्षे यादीत असलेली गिटार, पाच वर्षे राहिलेली जर्मन भाषा. वसूल न होणारे येणे व्यापारी एकदा बुडीत टाकतो, तोटा सोसतो, आणि पुढच्या साली ते येणे मिळकतीत धरत नाही. त्यात लाज नसते. जुनी वही तो फेकूनही देत नाही. ती बासनात बांधून ठेवतो, कारण उद्या कुणी हिशेब विचारला तर तीच काढावी लागते. लक्ष्मीपूजनाला नवी वही उघडते, पहिल्या पानावर ‘श्री’ येते, त्याखाली मागील शिल्लक. नव्या सालातला पहिला सौदा तिच्या खालच्या ओळीवर लिहिला जातो.