हुडकेश्वरला बस जाते का हो?

रविवारची रात्र, साडेनऊची वेळ. घरून आणलेला चिवड्याचा डबा सांभाळत आपण गणेशपेठच्या एस.टी. स्टँडवर उतरतो. "हुडकेश्वर" म्हटलं की ऑटोवाले भाऊ आधी आपल्याकडं पाहतात, मग आभाळाकडं, आणि म्हणतात, "वापसीचं भाडं लागन ना राजे!" म्हणजे जायचं एकदा आणि पैसे द्यायचे दोनदा. हॉस्टेलच्या प्रत्येक रूममध्ये हा किस्सा आहे. म्हणून तो लांबवत नाही.

मागच्या आठवड्यात मेसमध्ये यावरच वाद पेटला. सिटी बस म्हाळगीनगर, हुडकेश्वरच्या पुढं आणखी पिपळ्याकडं, शेतातल्या नव्या लेआउटपर्यंत न्यावी का? आमचा एक मित्र म्हणाला, "तिथं बसमध्ये कोण बसणार बे, बैल?" सगळे हसले. पोळ्या वाढणाऱ्या मावशी मात्र हसल्या नाहीत. त्या तिकडच्याच. रात्री भांडी आवरली की मुलगा गाडीवर घ्यायला येतो. त्याची नाइट असली की मावशी पायी जातात. बाजूला शेत, मध्ये अंधार.

त्या दिवसापासून हा विषय माझ्या डोक्यातून जात नाही.

नेहमीचं उत्तर आपल्याला पाठ आहे : प्रवासी नाहीत म्हणून बस नाही. पण बस नाही म्हणून प्रवासी नाहीत, हे कोण सांगणार? जो तो पहिल्या पगारात हप्त्यावर गाडी घेतो. मग सर्व्हे करणारे येतात, रस्त्यावर गाड्याच गाड्या पाहतात आणि लिहितात, "मागणी नाही." याला सर्व्हे म्हणायचं की कॉपी?

मात्र विरोध करणाऱ्यांचंही ऐकायला हवं, कारण त्यांच्या म्हणण्यात गणित आहे. समजा, एका मार्गावर बसला जाऊन-येऊन नव्वद मिनिटं लागतात आणि बस आहेत दोन. म्हणजे दर पंचेचाळीस मिनिटांनी एक. आता मार्ग तीन किलोमीटर वाढवला आणि फेरीत वीस मिनिटांची भर पडली. बस दोनच, तर दर पंचावन्न मिनिटांनी एक! पिपळ्याला बस मिळाली, पण सक्करदऱ्यातल्या माणसाची दहा मिनिटं गेली. तिथला नगरसेवक ओरडणारच. म्हणून मार्ग वाढवायचा तर सोबत बसही वाढवा, नाहीतर म्हाळगीनगरपासून पुढं छोटी बस वेगळी फिरवा. आहे तेच रबर ताणून फीत कापण्यात काही अर्थ नाही.

दुसरी अडचण हद्दीची. हुडकेश्वर-नरसाळा २०१३ मध्ये महापालिकेत आलं. त्याआधी इथं ग्रामपंचायत होती. पण पुढचं पिपळा महापालिकेत नाही. मग प्रश्न येतो, नागपूरकरांच्या टॅक्समधून बाहेरच्यांचा तोटा का भरायचा? प्रश्न रास्त आहे. पण सकाळी बाहेरून येऊन शहराची भांडी घासणारे, भिंती बांधणारे, दूध आणणारे लोक कोणाचे? नागपूरच्या भोवतालच्या ७१९ गावांसाठी महानगर प्राधिकरण आहे. लेआउट मंजूर करताना विकासशुल्क घेतलं जातं, तर रस्त्याआधी नाही तरी रस्त्यासोबत बसचा विचार का नको?

मेट्रोवर भिस्त ठेवू नका. ७ डिसेंबर २०२२ ला मंजूर झालेला सुमारे ४३.८ किलोमीटरचा दुसरा टप्पा बुटीबोरी, कन्हान, हिंगणा आणि ट्रान्सपोर्टनगरकडं जातो. आपल्याकडं नाही. आपल्याला बसच.

पुण्याचं पाहा. पी.एम.टी. आणि पी.सी.एम.टी. मिळून २००७ मध्ये पीएमपीएमएल झाली. तिचा तोटा पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिका ६० आणि ४० टक्के असा वाटून घेतात. हिशेब ठरलेला. पण हद्दीबाहेरच्या गावांचं तसं पक्कं नव्हतं, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथले काही ग्रामीण मार्ग बंद करायला सुरुवात झाली. धडा सरळ आहे : तोटा कोण भरणार हे आधी ठरलं नाही, तर बस उद्घाटनाच्या हारासोबतच सुकते.

स्वित्झर्लंडमधल्या झुरिच प्रांतात तर नियमच आहे. एखाद्या वस्तीत ३०० रहिवासी, नोकऱ्या किंवा शिक्षणाच्या जागा असतील, तर तिथं सार्वजनिक वाहन गेलंच पाहिजे. आधी तिकिटं किती खपतील, हा प्रश्न नाही. आपण झुरिच नाही, मान्य. पण त्या मापात आपलं एकटं कॉलेजसुद्धा बसलं असतं!

माझं म्हणणं एवढंच. बस कुठं जाणार हे पहिल्या तीन महिन्यांच्या गल्ल्यावर ठरू नये, कोणाच्या वशिल्यावर तर नाहीच. लोकवस्तीचा एक नियम करा, तोट्याचे वाटे लिहून काढा, आणि निदान दोन वर्षं बस वेळेवर चालवून मग हिशेब मागा. लोक बसची सवय लावून घेतात ती बस रोज दिसली तर. महिनाभर येऊन गायब होणाऱ्या बसच्या भरवशावर कोणी गाडी विकत नसतो.

आणि ही चर्चा सभागृहात, सगळ्यांसमोर व्हावी. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि साडेतीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकच होते. बसचं गाऱ्हाणं सांगायला वॉर्डात नगरसेवकच नव्हता. जानेवारी २०२६ मध्ये मतदान झालं. आता विचारायला माणूस आहे, तर विचारूया.

मित्रांनो, सबमिशनसाठी आपण रात्र-रात्र जागून कोणाचे तरी ग्राफ छापतो. एक ग्राफ खरा काढू. म्हाळगीनगर चौकात आठवडाभर सकाळ-संध्याकाळ उभं राहून मोजू : किती माणसं थांबतात, किती वेळ थांबतात, कुठं जातात. सरांनी मनावर घेतलं तर मिनी प्रोजेक्टचे मार्कही मिळतील. तो कागद घेऊन नगरसेवकाकडं जाऊ.

बस आली तर आपल्याला चार वर्षं कामाची. मावशींना जन्मभर.