सही आधी, भांडण नंतर

लवाद ही गोष्ट आपल्याला नवी नाही. बांधावरून दोन भावांचं वाजलं की गावातली चार शहाणी माणसं बसायची, दोन्हीकडचं ऐकायची आणि निवाडा द्यायची. कोर्टाची पायरी चढण्यापेक्षा ते बरं, असं आपले वाडवडील म्हणत आणि त्यात तथ्य होतं. पण त्यात एक गोष्ट मुख्य होती. आधी भांडण व्हायचं, मग दोघांनी मिळून पंच ठरवायचे.

अमेरिकेत हाच क्रम उलटा झाला आहे. तिथे नोकरीला असलेल्या माझ्या भाच्याने नेमणुकीच्या कागदांतलं एक कलम मला फोनवर वाचून दाखवलं. पगाराची असो वा बढतीची, कुठलीही तक्रार झाली तर कोर्टात जाणार नाही, खासगी लवादाकडेच जाईन आणि तेही एकट्याने, इतर सहकाऱ्यांबरोबर मिळून नाही, असं त्याने रुजू होतानाच लिहून द्यायचं होतं. "आणि सही नाही केली तर?" मी विचारलं. "तर नोकरी नाही, आत्या," तो म्हणाला.

याचं मूळ १९२५ सालच्या तिथल्या लवाद कायद्यात आहे. हा कायदा झाला तो प्रामुख्याने व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांतल्या तंट्यांसाठी. खलाशी, रेल्वे कामगार आणि राज्याराज्यांतल्या व्यापारात काम करणारे इतर कामगार यांच्या नोकरीचे करार त्यातून वगळलेले होते. २००१ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ही सूट फक्त वाहतुकीच्या कामगारांपुरती आहे असा अर्थ लावला, आणि बाकी सगळ्या नोकरदारांना हा कायदा लागू झाला.

मग आला २०१८ सालचा एपिक सिस्टिम्सचा निकाल. विस्कॉन्सिनमधल्या या सॉफ्टवेअर कंपनीने २०१४ मध्ये कर्मचाऱ्यांना ईमेलने असाच करार पाठवला होता. तुम्ही कामावर येत राहिलात, म्हणजे करार तुम्हाला मान्य! वेगळी सहीसुद्धा नको. ओव्हरटाइमचे पैसे मिळाले नाहीत म्हणून एका कर्मचाऱ्याने सर्वांच्या वतीने दावा लावला. २१ मे २०१८ रोजी न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी कंपनीच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती गोर्सच यांनी बहुमताचा निकाल लिहिला. धोरण चांगलं की वाईट हे ठरवणं आमचं काम नाही, कायदा असा आहे, असा त्याचा आशय होता.

विरोधी मत न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांचं होतं. आधीच्या एका वेगळ्या प्रकरणातले आकडे त्यांनी त्यात दिले आहेत. कर्मचाऱ्याचा थकलेला ओव्हरटाइम १,८६७ डॉलर आणि तेवढीच भरपाई. तो एकट्याने वसूल करायचा तर खर्च दोन लाख डॉलर! शाळेतल्या मुलालाही हे गणित सुटेल. असा दावा कोणी करणारच नाही. मला वाटतं, खरी मेख इथेच आहे. पगाराची बाकी बहुतेक वेळा एका माणसाच्या हिशेबात लहान असते आणि हजार माणसांच्या हिशेबात मोठी. एकत्र जायची वाट बंद केली की हक्क कागदावर राहतो आणि पैसे मालकाकडे. शिवाय लवादाचं कामकाज बंद दाराआड चालतं, त्यामुळे शेजारच्या टेबलावरच्या माणसालाही कळत नाही की आपलेही पैसे राहिले आहेत.

याची दुसरी बाजूही पाहण्यासारखी आहे. घरपोच जेवण पोहोचवणाऱ्या डोअरडॅश कंपनीच्या पाच हजारांहून अधिक डिलिव्हरी कामगारांनी करारात लिहिल्याप्रमाणे एकेकट्याने लवादाकडे अर्ज केले. त्यांची फी कंपनीने भरायची होती. ती झाली सुमारे ९५ लाख डॉलर. मग कंपनीची टाळाटाळ सुरू झाली! फेब्रुवारी २०२० मध्ये कॅलिफोर्नियातल्या न्यायाधीशांनी कंपनीला खडसावलं आणि स्वतःच्याच कराराप्रमाणे वागायला सांगितलं.

आपल्याकडेही हा प्रश्न येऊन गेला आहे. किंगफिशर एअरलाइन्सच्या काही कर्मचाऱ्यांनी थकलेल्या पगारासाठी मुंबईच्या कामगार न्यायालयात अर्ज केले, तेव्हा कंपनीने नोकरीच्या करारातलं लवादाचं कलम पुढे केलं. कामगार न्यायालयाने ते मानलं नाही आणि २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही मानलं नाही. असे वाद कायद्याने खास यंत्रणेकडे सोपवले आहेत, ते खासगी लवादाकडे नेता येणार नाहीत, असं न्यायालयाने सांगितलं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही, कर्मचाऱ्याने आपल्या हक्काची रक्कम सोडून देण्याचा करार केला तर तो रद्दबातल, असं कलम आहे.

कुणी म्हणेल, बाई, आपल्या कोर्टांत वर्षानुवर्षं तारखा पडतात, त्यापेक्षा लवाद लवकर निकाल देतो. हे मला मान्य आहे. उशिरा मिळालेल्या पगाराने मागे थकलेली मुलांची फी भरता येत नाही. पण म्हणून न्यायालयं सुधारायची की त्यांचं दार लावून घ्यायचं? लवाद खरोखर कामगाराच्या सोयीचा असेल, तर वाद झाल्यावर तो आपणहून निवडेल. आपल्या जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात स्वेच्छेच्या लवादाची तरतूद होती, नव्या संहितेतही आहे. दोन्ही पक्षांनी मिळून वाद सोपवायचा, अशी.

अमेरिकेलाही हे कळत नाही असं नाही. २०२२ साली तिथे कायदा झाला, की लैंगिक छळाच्या तक्रारीत आधी केलेला लवादाचा करार पीडित व्यक्तीवर लादता येणार नाही. हवं तर तिने लवादाकडे जावं, हवं तर कोर्टात. पगारासाठी मात्र अजून तसं नाही. मला वाटतं, तोच नियम पगारालाही लावावा. नोकरीची गरज असलेला माणूस समोर ठेवलेल्या कागदावर सही करतो, त्याला संमती म्हणणं मराठी भाषेवरही अन्याय आहे. तिला गरज म्हणावं.

असो. आपल्यापैकी अनेकांची मुलं-नातवंडं परदेशी आणि इथल्याही कंपन्यांत रुजू होत आहेत. त्यांना सांगा, पगाराचा आकडा असलेलं पान वाचून थांबू नका, शेवटची चार पानंही वाचा. आणि यावर तुमचं मत वेगळं असेल तर जरूर लिहा.